वाचक विचारतात : जॉर्ज आमचा होता, मग त्याचं सगळंच आमचं

मागच्या अंकात गिरगावातल्या जुन्या सभांबद्दल लिहिताना कामगार नेता जॉर्ज फर्नांडिसचं नाव एका ओळीत येऊन गेलं आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आले की बाकीचे प्रश्न यावेळी बाजूला ठेवलेत. काही पत्रं प्रेमाची, काही चांगलीच रागाची, एकात तर फक्त दोन शब्द, "कफन चोर", खाली सही. त्यालाही उत्तर देणार आहे. आणि एक आधीच सांगते, मी त्याला एकेरी लिहिणार, कारण माझे बाबा गोदीत होते आणि आमच्या घरात कधी कोणी "फर्नांडिससाहेब" म्हटलं नाही, "जॉर्ज आला", "जॉर्ज बोलला" असंच. अनादर समजू नका.

प्रश्न (डोंबिवली) : ताई, माझ्या चोवीस वर्षांच्या मुलाने विचारलं हा जॉर्ज कोण, मला धड सांगता आलं नाही. इतक्या वेळा खासदार झाला म्हणतात, मग मुंबईतून किती वेळा?

मुंबईतून एकदाच. लोकसभेवर एकूण नऊ वेळा, १९६७, ७७, ८०, ८९, ९१, ९६, ९८, ९९ आणि २००४, त्यातली पहिली तेवढी दक्षिण मुंबईची, बाकी आठ बिहारच्या, मुझफ्फरपूर आणि नालंदा. मुलाला असं सांगा की मंगळूरचा मुलगा, जन्म ३ जून १९३०, घरच्यांनी पाद्री व्हायला बंगलोरच्या सेमिनरीत घातला, तिथे वरच्या फादर लोकांना वेगळं जेवण आणि उंच टेबल, पोरांना वेगळं, ते बघून याचं मन उडालं आणि तो बाहेर पडला. १९४९ ला मुंबईत आला. राहायला जागा नाही, चौपाटीच्या बाकावर झोपायचा, पोलीस येऊन उठवायचा मग दुसरीकडे. पुढे एका पेपरात प्रूफं तपासायचं काम लागलं.

मग गोदीत प्लॅसिड डिमेलोंच्या हाताखाली युनियनचं काम शिकला. तोच डिमेलो, ज्याच्या नावाचा पी. डिमेलो रोड सीएसएमटीच्या मागून जातो, रोज हजारो माणसं तिथून जातात. १९५८ ला डिमेलो गेले आणि हा पुढे आला, मग म्युनिसिपालिटीचे कामगार, बेस्टचे, टॅक्सीवाले, हॉटेलातली पोरं. ही हॉटेलातली पोरं म्हणजे उडप्याकडे टेबल पुसणारी दहा-बारा वर्षांची मुलं, त्यांची युनियन होऊ शकते हेच आधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. १९६१ ला तो महापालिकेत निवडून आला. मराठी अस्खलित बोलायचा, कोकणी तर घरचीच, कानडी, तुळू, हिंदी, इंग्रजी, ज्या कामगारासमोर उभा राहील त्याच्या भाषेत.

प्रश्न (गिरगाव) : ६७ ला स. का. पाटलांना पाडलं ते नक्की कसं? माझे वडील म्हणायचे की त्या रात्री गिरगाव झोपलंच नाही.

तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. मी सहा वर्षांची होते, ठाकूरद्वारच्या नाक्यावर बाबांच्या खांद्यावर बसून मिरवणूक बघितलीय, गुलाल माझ्या डोळ्यात गेला आणि मी रडत होते एवढंच मला स्वतःचं आठवतं, बाकी सगळं नंतर ऐकून.

पाटील म्हणजे साधा उमेदवार नव्हता हे आजच्या लोकांना समजावून सांगावं लागतं. तीनदा मुंबईचे महापौर, केंद्रात मंत्री, निवडणुकीच्या वेळी रेल्वेमंत्री, काँग्रेसचा पैसा मुंबईतून उभा करणारा माणूस, त्यांना मुंबईचा अनभिषिक्त राजाच म्हणायचे. आणि मराठी माणसाच्या मनात तर त्यांच्याबद्दल वेगळीच सल होती, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून ते उभे ठाकले होते. गिरगाव ते विसरलं नव्हतं.

गोष्ट अशी सांगतात की कोणा पत्रकाराने विचारलं, तुम्हाला कोणी हरवू शकेल का, तर पाटील म्हणाले देवसुद्धा नाही हरवू शकत. झालं, जॉर्जच्या पोरांनी तेच उचललं आणि भिंतीभिंतीवर लावलं की देव नाही हरवू शकत पण तुम्ही हरवू शकता. पैसे नव्हते, रात्री खळ शिजवून पोस्टरं चिकटवायची, टॅक्सीवाल्यांनी फुकट गाड्या फिरवल्या. त्याआधी साध्या मतदाराला वाटतच नव्हतं की पाटील पडू शकतात, ते "तुम्ही हरवू शकता" वाचून वाटायला लागलं. मला विचाराल तर त्याची खरी कमाई ती. पुढे १९७१ ला इंदिरा लाटेत तो याच दक्षिण मुंबईत हरला आणि मग परत मुंबईतून लोकसभेवर कधीच गेला नाही. बिहारने त्याला घेतलं, आपण एकदाच दिलं, हे मला अजून लागतं.

प्रश्न (कुर्ला) : ७४ चा रेल्वे संप फसला ना? बंद सम्राट म्हणून कौतुक करता, पण त्या बंदमध्ये हातावर पोट असलेल्याचं काय व्हायचं?

दोन प्रश्न आहेत, दोन्ही खरे.

संप ८ मे १९७४ ला सुरू झाला. जॉर्ज तेव्हा ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचा अध्यक्ष, त्याला २ मे ला म्हणजे संपाच्या आधीच लखनौला अटक केली. सतरा लाखांच्या आसपास कामगार, जगातल्या मोठ्या संपांमध्ये धरतात त्याला. मागण्या काय होत्या ते लोक विसरतात. इंजिन ड्रायव्हरला सलग बारा-चौदा तास गाडी चालवावी लागायची, त्याला आठ तासांचा दिवस हवा होता, बोनस हवा होता, आणि बाकीच्या सरकारी कारखान्यातल्या माणसाएवढा पगार हवा होता. माझा मामा मोटरमन होता, संप सुरू व्हायच्या आदल्या रात्री आमच्याकडे आला, पायात स्लीपर, कापडी पिशवीत एक लेंगा आणि दाढीचं सामान, आणि आईला म्हणाला कोणी विचारलं तर मी इथे नाही. पंधरा दिवस तो आमच्या माळ्यावर झोपला. आम्हा पोरांना दम दिलेला की मामा म्हणून हाक मारायची नाही, म्हणून आम्ही त्याला काही हाकच मारत नव्हतो, नुसता ताट पुढे करायचो. मुंबईत टॅक्सीवाले, बेस्टवाले, वीज कामगार पण पाठिंब्याला उतरले होते, रस्ते इतके मोकळे मी नंतर कधी बघितले नाहीत.

सरकारने मोडून काढला. हजारो माणसं जेलमध्ये, रेल्वेच्या क्वार्टरमधून बायकापोरांना बाहेर काढलं, टेरिटोरियल आर्मी आणून गाड्या चालवल्या, आणि २७ मे ला संप मागे घ्यावा लागला, हातात काहीच नाही. म्हणून फसला म्हणायचं तर म्हणा. पण १९७९ मध्ये रेल्वे कामगाराला बोनस लागू झाला आणि आज दसऱ्याच्या आधी जो बोनस जाहीर होतो, पेपरात हेडलाईन येते, त्याचं मूळ त्या वीस दिवसांत आहे असं माझं ठाम मत आहे.

आता हातावर पोट असलेल्याचं. हो, त्याचे हाल व्हायचे. भाजीवाली, हमाल, रोजावरची बाई, त्यांना बंदच्या दिवशी कोण देणार. बाबा स्वतः म्हणायचे की युनियनवाल्याला संपाचा फंड असतो, पाटीवाल्याला काय असतं. साठच्या दशकात मुंबई इतक्या वेळा बंद झाली की त्यातले काही बंद टाळता आले असते असं मलाही वाटतं. ते बाबा जॉर्जला मानत असूनही बोलायचे, म्हणून मी पण बोलते.

प्रश्न (ठाणे) : बडोदा डायनामाइट केस खोटी होती का? की खरंच डायनामाइट होतं?

आणीबाणीत सरकारने जॉर्ज आणि त्याच्या सोबत्यांवर घातलेली ही केस. कोर्टात सिद्ध असं काही झालं नाही, कारण १९७७ ला जनता सरकार आलं आणि केस काढून घेतली. पण डायनामाइट मिळवलं होतं, रूळ आणि पूल उडवून सरकारला हादरवायचा विचार होता, हे त्याच्या सोबतच्या माणसांनी पुढे लपवलं नाही, माणूस मरता कामा नये अशी अट होती असं ते सांगायचे. मला हे पटत नाही. आणीबाणी कितीही वाईट असली तरी रुळाखाली स्फोटकं ठेवून कोणी मरणार नाही याची खात्री कोण देणार, आणि ते रूळ तर मामासारख्या माणसाच्या गाडीखालचे.

पण दुसरी बाजू पण बघा. आणीबाणी लागली तेव्हा तो ओडिशात गोपाळपूरला सासुरवाडीला होता, तिथून निसटला, कधी शीख बनून कधी आणखी कोणी बनून वर्षभर देशभर फिरला, १० जून १९७६ ला कलकत्त्यात सापडला. तो सापडत नाही म्हणून त्याच्या भावाला, लॉरेन्सला, बंगलोरच्या पोलिसांनी धरून इतकं मारलं की तो माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालू शकला नाही. आणि स्नेहलता रेड्डी, कन्नड नटी, तिला दम्याचा त्रास, तिला त्याच प्रकरणात आठ महिने बंगलोरच्या जेलमध्ये ठेवलं, जानेवारी १९७७ मध्ये सुटली आणि लगेच गेली. डायनामाइटची चर्चा करताना हिचं नाव कोणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेतेय.

बेड्या घातलेला हात वर केलेला तो फोटो याच केसच्या तारखेचा. त्या फोटोवर मुझफ्फरपूरची निवडणूक झाली, उमेदवार तिहारमध्ये, एक सभा नाही, आणि तीन लाखांच्या वर मतांनी निवडून आला.

प्रश्न (दादर) : कोका-कोलाला हाकललं ते योग्य होतं का?

हाकललं असं म्हणतात खरं, पण कायदा त्याने केलेला नव्हता. परकीय चलनाचा कायदा १९७३ चा, इंदिरा गांधींच्या काळातला, परदेशी कंपनीने आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा. जॉर्ज उद्योगमंत्री झाला आणि म्हणाला मग पाळा. कोका-कोलाला फॉर्म्युला द्यायचा नव्हता, गेली १९७७ ला, पुढच्या वर्षी आयबीएम गेली. सरकारने '७७' नावाचं पेय काढलं ते काही चाललं नाही, पण मुंबईच्या पार्लेचं थम्स अप त्याच वर्षी आलं आणि ते आजपण आहे, फक्त आता ते कोका-कोलाकडेच आहे. कंप्युटरच्या बाबतीत नुकसान झालं की आपल्या कंपन्यांना जागा मिळाली यावर जाणकार अजून भांडतात. मला यात त्याचा मोठा गुन्हा दिसत नाही.

प्रश्न (विलेपार्ले) : १९७९ ला सकाळी मोरारजींची बाजू घेतली आणि संध्याकाळी पलटले, हे खरं का?

सकाळ-संध्याकाळ नाही, पण फार वेळही गेला नाही. यशवंतराव चव्हाणांनी अविश्वास ठराव आणला होता, १२ जुलैला जॉर्ज लोकसभेत उभा राहिला आणि मोरारजी सरकारची अशी बाजू मांडली की विरोधकसुद्धा ऐकत राहिले. आणि तीन दिवसांत तो राजीनामा देऊन पलीकडे, चरणसिंगांच्या बाजूला. १५ तारखेला मोरारजी गेले. मधू लिमयेंनी आणि बाकी जुन्या समाजवादी मित्रांनी त्याला रात्रभर धरून ठेवलं, मैत्रीची शपथ घातली वगैरे सांगतात. असेल. पण ज्या माणसाच्या शब्दावर मुंबईत अर्ध्या तासात टॅक्सी थांबायच्या त्याचा शब्द दिल्लीत तीन दिवस टिकला नाही, आणि हे बाबांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही. ते रेडिओ बंद करून नुसते बसून राहिले होते. आई म्हणाली चहा टाकू का, तर नको म्हणाले.

भांडण कशावरून होतं ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जनता पक्षातल्या जनसंघाच्या लोकांनी संघाचं सदस्यत्व ठेवायचं की नाही, ज्याला दुहेरी निष्ठेचा वाद म्हणायचे.

प्रश्न (भांडुप) : कोकण रेल्वे दंडवतेंची की जॉर्जची? आमच्या मंडळात दर गणपतीत हा वाद होतो.

दोघांची, आणि नाथ पैंची पण. नाथ पै राजापूरचे खासदार, संसदेत कोकण रेल्वेसाठी बोलून बोलून थकले, १९७१ ला गेले, मग त्यांच्या जागी मधू दंडवते आले आणि त्यांनी तो विषय सोडला नाही. दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री असताना थोडं पुढे सरकलं. खरं जमलं ते ८९ च्या शेवटी व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं तेव्हा, जॉर्ज रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री. रेल्वेच्या बजेटात बसवलं असतं तर अजून पन्नास वर्षं गेली असती, म्हणून जॉर्जने वेगळं कॉर्पोरेशन काढलं, भागभांडवलात अर्ध्याच्या वर हिस्सा रेल्वेचा, बाकी महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळचा, आणि लागणारा बाकीचा पैसा बाजारात बाँड विकून. १९ जुलै १९९० ला कंपनी नोंदली, ऑफिस बेलापूरला, आणि रेल्वेतले इंजिनिअर श्रीधरन यांना रिटायर होताना पकडून बसवलं. सरकार नोव्हेंबरमध्ये पडलं पण तोवर काम थांबवता येणार नाही असं झालं होतं. तुमच्या मंडळाला सांगा, दंडवतेंनी वाट धरून ठेवली आणि जॉर्जने अकरा महिन्यांच्या मंत्रिपदात गाडी त्या वाटेवर लावली.

आमचं गाव कणकवलीच्या पुढे. लहानपणी एसटीने जायचं, रात्रभर, कशेडी घाट आला की आई लिंबू कापून हातात द्यायची आणि तरी अर्धी गाडी उलट्या करायची. १९९८ ला आईला पहिल्यांदा रेल्वेने नेलं. रोह्याच्या पुढे बोगदे सुरू झाले तशी ती बोटावर मोजायला लागली, वीस-बावीसच्या पुढे विसरली, परत पहिल्यापासून सुरू केलं. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, संपतच नाही, डब्यात दिवे लागलेले, ती माझा हात घट्ट धरून बसली. मग रत्नागिरीजवळ पानवलचा पूल आला, खाली साठ-पासष्ट मीटर, नारळाची झाडं काडेपेटीतल्या काड्यांएवढी, आणि आई खिडकीला कपाळ लावून म्हणाली, "तुझ्या बाबांनी बघायला पाहिजे होतं." बाबा ९४ ला गेले होते. जॉर्जवरचा ७९ चा राग त्यांनी इथे सोडला असता असं मला वाटतं, पण ते मी त्यांच्या वतीने नाही सांगू शकत.

प्रश्न (लोअर परळ) : न्यू इंडिया बँक जॉर्जने काढली होती का? माझ्या सासऱ्यांचे पैसे त्यात होते.

हो. १९६८ ला बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून, कारण टॅक्सीवाल्याला आणि गोदीवाल्याला तेव्हा कुठलीच बँक दारात उभी करत नव्हती. नाव नंतर बदललं. फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला आणि त्याच वर्षी ती सारस्वत बँकेत विलीन झाली. जॉर्ज २०१९ लाच गेलेला. सासऱ्यांना मनस्ताप झाला असणार, कामगाराच्या घामाच्या पैशाची बँक अशी जावी याचं मलाही फार वाईट वाटलं.

प्रश्न (मुलुंड, आणि ते दोन शब्दांचं पत्र) : सैनिकांच्या शवपेट्यांत पैसे खाल्ले त्याचं काय? आणि तहलका?

शवपेट्यांचं आधी. कारगिलच्या वेळी, जॉर्ज संरक्षणमंत्री असताना, अमेरिकेतल्या कंपनीकडून ॲल्युमिनियमच्या शवपेट्या मागवल्या, एक अडीच हजार डॉलरला. डिसेंबर २००१ ला सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा रिपोर्ट आला, किंमत फुगवली म्हणून, आणि संसदेत "कफन चोर" सुरू झालं, महिनोन् महिने. सीबीआयने तपास केला, २००९ ला आरोपपत्र ठेवलं त्यात जॉर्ज नव्हता, आणि डिसेंबर २०१३ ला दिल्लीच्या विशेष न्यायालयाने बाकीच्या आरोपींनाही सोडलं. बराक क्षेपणास्त्राच्या खरेदीत त्याच्यावर गुन्हा नोंदला होता २००६ ला, तोही सीबीआयने २०१३ ला पुरावा नाही म्हणून बंद केला. तोवर अल्झायमरमुळे त्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं, तेव्हा आपण निर्दोष आहोत हे त्याला कळलंच नाही. म्हणून दोन शब्दांचं पत्र पाठवणाऱ्या काकांना हात जोडून सांगते, हे दोन शब्द आता मागे घ्या. हा माणूस सियाचेनला कितीतरी वेळा गेला, जवानांसाठीच्या स्नो-स्कूटरची फाईल अडवून बसलेल्या बाबूंना म्हणाला जाऊन राहून या तिथे.

तहलका तेवढं साधं नाही. मार्च २००१, तहलका या वेबसाइटचे पत्रकार शस्त्रांचे दलाल बनून गेले होते ते बाहेर आलं, आणि जॉर्जच्या समता पक्षाच्या अध्यक्षा जया जेटली यांच्याशी बोलणी झाली ती जॉर्जच्या सरकारी बंगल्यात. तो बंगला असा की त्याचं फाटक त्याने काढून टाकलं होतं, कोणीही आत यावं, ब्रह्मदेशातून पळून आलेली पोरं तिथे राहायची. जॉर्जने स्वतः पैसे घेतले असं कोणी दाखवलं नाही, त्याने १५ मार्चला राजीनामा दिला, पण ऑक्टोबरमध्ये चौकशी संपलेली नसताना परत मंत्री होऊन बसला. विरोधक तो बोलायला उभा राहिला की सभागृहातून निघून जायचे. जेटलींना २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा सुनावली, हायकोर्टाने त्याच दिवशी स्थगिती दिली. संरक्षणमंत्र्याच्या घरात असं बोलणं होऊ शकतं याची जबाबदारी त्याची होती आणि त्याने एवढ्या लवकर परत यायला नको होतं.

प्रश्न (वसई) : आमच्या घरात दिवाणखान्यात बेड्यांचा तो फोटो आहे, मी ७४ च्या संपात होतो. सून शिकलेली आहे, ती म्हणते पप्पा, २००२ मध्ये हा माणूस काय बोलला ते वाचलंत का, हा फोटो काढा. मी काय करू?

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि चार दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

सून खरं बोलतेय. ३० एप्रिल २००२, लोकसभेत गुजरातच्या दंगलींवर चर्चा, विरोधी बाकांवरून तिथल्या बायकांवर काय झालं ते सांगितलं जात होतं, पोटुशी बाई, आईसमोर मुलगी. आणि जॉर्ज उभा राहून म्हणाला की या कहाण्या काही नव्या नाहीत, हे पूर्वीही घडलंय, ८४ ला दिल्लीत शिखांविरुद्धच्या दंगलीत घडलंय. म्हणणं काहीही असो, सरकारचा बचाव म्हणून असो, ज्याने हॉटेलात टेबल पुसणाऱ्या पोराचं दुःख नवं मानलं त्याने बाईच्या अंगावरच्या अत्याचाराला हे काही नवीन नाही म्हणावं? १ मार्चला तोच माणूस लष्कर घेऊन अहमदाबादेत पोचला होता, रस्त्यावर उतरला होता, हे पण खरं. त्यामुळे तर ते भाषण जास्त लागतं, कारण त्याने ते सगळं बघितलं होतं. त्याआधी ९९ ला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना ओडिशात गाडीत जाळलं तेव्हाही हा मंत्र्यांच्या पथकातून जाऊन आला आणि आंतरराष्ट्रीय कट आहे म्हणाला.

आणि आता ७९ आठवा. संघाच्या दुहेरी निष्ठेवरून ज्याने सरकार सोडलं तो १९९६ ला भाजपबरोबर युतीत, मग एनडीएचा, म्हणजे भाजपच्या आघाडीचा, संयोजक. तो म्हणायचा लालूंच्या विरोधात बिहारमध्ये दुसरा रस्ता नव्हता, काँग्रेसला तर जन्मात माफ करणार नव्हता, भावाचं मोडलेलं शरीर त्याने बघितलं होतं. त्याचं काँग्रेसवरचं वैर मला समजतं. पण वैरापायी माणूस कुठवर जातो याची हद्द त्याला राहिली नाही. मला राग याचा येतो की शवपेट्यांचा खोटा आरोप अजून सगळ्यांच्या तोंडावर आहे आणि ३० एप्रिलचं भाषण कोणाला आठवत नाही, तुमच्या सुनेला आठवलं, तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

शेवट तुम्हाला माहीतच आहे. २००९ ला पक्षाने तब्येतीचं कारण देऊन तिकीट नाकारलं, हा अपक्ष उभा राहिला आणि ज्या मुझफ्फरपूरने बेड्यांत असताना तीन लाखांनी निवडून दिलं तिथे हरला. वर्षभर राज्यसभेत होता. मग अल्झायमर, मग त्याच्या देखभालीवरून घरच्यांचं आणि जवळच्यांचं भांडण हायकोर्टापर्यंत, आणि २९ जानेवारी २०१९ ला दिल्लीत गेला. पुढच्या वर्षी पद्मविभूषण.

फोटोचं मी काय सांगू. तो फोटो ७६ चा आहे आणि तुम्ही ७४ ला नोकरी पणाला लावलीत, तुमच्या त्या पंधरा-वीस दिवसांचा तो फोटो आहे, म्हणून मी असते तर काढला नसता. पण एका संध्याकाळी सुनेला समोर बसवून ते भाषण दोघांनी मिळून पूर्ण वाचलं असतं, लोकसभेच्या कामकाजात छापलेलं आहे, मराठीत नाही मिळणार, ती वाचून सांगेल. त्यानंतर ती अजूनही काढा म्हणाली तर मात्र घर तिचंही आहे.

आमच्याकडे फोटो नव्हता. बाबांच्या ट्रंकेत युनियनच्या वर्गणीचं एक छोटं पुस्तक निघालं, पिवळं पडलेलं, दर महिन्याची पावती चिकटवलेली, आणि जुलै १९७९ ची पण आहे, त्यांनी तो महिनासुद्धा चुकवलेला नाही.